अर्धा ट्रक कंपनीचा, अर्धा कारीगराचा

कापडाच्या व्यापाऱ्याने ट्रकवर लेख लिहावा, याचे काही वाचकांना आश्चर्य वाटेल. परंतु आपल्या धंद्यात ट्रकाशिवाय काय चालते? सूत ट्रकनेच येते, कोरे कापड ट्रकनेच रंगाईला पाली-बालोतऱ्याकडे जाते आणि तयार माल पुन्हा ट्रकनेच बाजारात येतो. बिल्टी हातात पडली आणि गाठी मोजून झाल्या की आपण ट्रक विसरून जातो. मीही तीस वर्षे तेच केले.

मात्र गेल्या काही वर्षांत मी १९६६ सालचा एक टाटा-मर्सिडीज ट्रक भंगाराच्या भावाने घेतला आणि तो दुरुस्त करून पुन्हा उभा केला. या कामाला तीन वर्षे आणि ८ लाख ५२ हजार रुपये लागले. “सेठ, हा पैसा पाण्यात घातलात की काय?” असे मला दुकानात विचारले गेले, मशिदीच्या पायऱ्यांवर विचारले गेले, आणि घरात तर रोजच विचारले गेले. आमच्या घरातून सवाल आला तो सरळ इस्राफचा. अल्लाहने दिलेला पैसा असा उडवायचा काय? सवाल रास्त होता. त्याचे उत्तर मला काम संपल्यावर मिळाले. ते पूर्ण हिशोबासह आपल्या व्यापारी व कारीगर बांधवांपुढे ठेवतो.

ओढ कशी लागली

मालेगावात ज्यांचे बालपण गेले त्यांना आग्रा रोडवरची ट्रकांची रांग आठवत असेल. माझे वडील मरहूम कापडाचेच काम करीत. मी आठ-नऊ वर्षांचा असताना सुट्टीत ते मला एकदा गाठींच्या ट्रकमधून मुंबईला घेऊन गेले. चांदवड, नाशिक, इगतपुरी असे करीत आम्ही कसारा घाट रात्री उतरलो. ड्रायव्हर खालचा गिअर टाकून सावकाश गाडी उतरवीत होता आणि क्लीनर दारात उभा राहून मागे बघत होता. इंजिनचा तो आवाज, गरम डिझेलचा वास आणि केबिनच्या लाकडाची करकर माझ्या मनात राहून गेली. सकाळी मूळजी जेठा मार्केटजवळ उतरलो तेव्हा मला बाजार पाहायचा नव्हता, ट्रकमध्येच बसून राहायचे होते.

पुढे धंद्यात पडलो आणि ते सारे मागे राहिले. मार्च २०२०मध्ये देशभर टाळेबंदी झाली. माग थांबले, बाजार बंद पडला, ट्रकही जागच्या जागी उभे राहिले. काही महिन्यांनी एका जुन्या ट्रान्सपोर्टवाल्या मित्राकडे बाकीचा हिशोब करायला गेलो असता त्याच्या वाड्यात लिंबाच्या झाडाखाली हा ट्रक दिसला. टायर जमिनीत रुतलेले होते, बोनेटवर कबुतरांची वीट होती आणि हौद्यात गवत उगवले होते. मित्र म्हणाला, “पुढच्या आठवड्यात कापायला देतोय. लोखंडाला भाव चांगला आहे.” मी उत्तर न देता घरी आलो. त्या रात्री झोप लागली नाही. दुसऱ्या दिवशी जाऊन मी तो वजनावर मागितला.

जुन्या ट्रकांची थोडी माहिती

आपल्या देशात ट्रक कसे आले, हे नव्या पिढीला फारसे ठाऊक नाही. १९२८मध्ये अमेरिकेच्या जनरल मोटर्सने मुंबईत शिवडी येथे कारखाना सुरू केला. तेथे परदेशातून आलेले भाग जोडून शेव्हरोले गाड्या व ट्रक तयार होत. दुसऱ्या महायुद्धानंतर लष्कराचे हजारो जुने ट्रक लिलावात निघाले आणि अनेक वाहतूकदारांनी त्यांच्यावरच धंद्याची सुरुवात केली. यातील बहुतेक गाड्या पेट्रोलवर चालत. पुढे अनेकांनी त्यांत पर्किन्सचे डिझेल इंजिन बसवून घेतले. ही कामे नाक्यावरच्या मिस्त्रींनी केलेली आहेत.

स्वातंत्र्यानंतर सरकारने नुसती जोडणी करणाऱ्या कंपन्यांना येथेच उत्पादन करा असे सांगितले, तेव्हा जनरल मोटर्सने १९५४मध्ये काम बंद केले. त्याच वर्षी टाटांच्या टेल्को कंपनीने जर्मनीच्या डेमलर-बेंझशी पंधरा वर्षांचा करार करून जमशेदपूरला ट्रक बनवायला सुरुवात केली. त्या ट्रकांच्या नाकावर मर्सिडीजचा तीन टोकांचा तारा असे. १९६९मध्ये करार संपला आणि ताऱ्याच्या जागी टाटांचे ‘टी’ अक्षर आले. माझा ट्रक ताऱ्याच्या काळातला आहे. त्याच सुमारास कुर्ल्याच्या प्रीमियर कंपनीचे डॉज व फार्गो, हिंदुस्तान मोटर्सचे बेडफोर्ड आणि मद्रासकडचे अशोक लेलँड कॉमेट हेही रस्त्यावर होते. आज यांतील बहुतेक वितळून सळया झाले आहेत.

याचे कारण उघड आहे. मोटार ही घरची हौस असते, म्हणून ती कोणी ना कोणी जपून ठेवतो. ट्रक हे मजुराचे साधन असते. मजूर थकला की त्याला घरी पाठवतात, ट्रक थकला की त्याला कापतात.

इंजिन आणि उस्ताद

ट्रक १ लाख ३५ हजारांना पडला. पहिले काम इंजिनचे होते. सहा सिलिंडरचे डिझेल इंजिन पूर्ण जाम झालेले होते. आमच्या भागातले एक वयस्क मिस्त्री, ज्यांना सगळे उस्ताद म्हणतात, त्यांना मी घेऊन गेलो. त्यांनी हेड उतरवून सिलिंडरमध्ये रॉकेल व तेल ओतले आणि मला सांगितले, “दहा दिवस याला हात लावू नका.” दहा दिवसांनी फ्लायव्हीलला लांब पहार लावून ते इंजिन केसभर हलले तेव्हा उस्ताद “अल्हम्दुलिल्लाह” म्हणाले. इंजिन जिवंत आहे याची ती पहिली खूण होती.

नंतर इंजिन पूर्ण खोलले. सिलिंडर बोअर करून नवीन स्लीव्ह बसवल्या, क्रँक घासून घेतला, व्हॉल्व्हच्या सीटा नव्या केल्या. डिझेल पंप व नोझल खोलून मशीनवर लावून घेतले. रेडिएटर जुना तांब्या-पितळेचा होता, तो खोलून झाळून पुन्हा वापरला. क्लच प्लेटला नवीन अस्तर ठोकले. ब्रेकचे सर्व रबर व पाइप बदलले, कारण ब्रेकच्या बाबतीत जुने काही ठेवायचे नाही, असा उस्तादांचा नियम आहे. पाटे उतरवून लोहाराकडून पुन्हा वळवून आणले.

सुट्या भागांसाठी बरीच वणवण झाली. मुंबईत कुर्ला, दिल्लीत मायापुरी, कोलकात्यात मल्लिक बाजार आणि चेन्नईत पुदुपेट ही जुन्या भागांची मोठी ठिकाणे आहेत. यांत आपले बांधव मोठ्या संख्येने आहेत आणि त्यांची माहिती अफाट आहे. एक इंजिनच्या ब्लॉकवर हात फिरवून तो कोणत्या साठ्यातला आहे हे सांगणारे लोक मी पाहिले. परंतु येथेच मी ठेच खाल्ली. बाहेरगावच्या एका दुकानदाराला फोनवरच्या बोलण्यावर विश्वास ठेवून सिलिंडर हेडसाठी ३४ हजार पाठवले. आलेला हेड दुसऱ्याच इंजिनचा निघाला. पावती कच्ची होती, त्यामुळे पैसे परत मिळाले नाहीत. दोष माझाही होता. मी स्वतः कापड घेताना थानाचा तुकडा हातात घेतल्याशिवाय सौदा करीत नाही आणि येथे मात्र भाग न पाहता पैसे पाठवून मोकळा झालो.

फळीवरची अक्षरे

आता मुख्य गोष्टीकडे येतो. माझी अशी समजूत होती की जुना ट्रक दुरुस्त करणे म्हणजे कंपनीतून निघाला होता तसा करणे. मोटारीच्या बाबतीत ते खरे असेल. उस्तादांनी मला विचारले, “कंपनीतून निघाला तसा करायचा? मग तुम्हाला केबिनही नको आणि हौदाही नको.” मला उलगडा होईना. तेव्हा त्यांनी समजावून सांगितले. त्या काळात कंपनी फक्त चासिस, इंजिन, चाके, बोनेट आणि पुढचा दर्शनी भाग देत असे. ड्रायव्हर फळीवर बसून, डोक्याला फडके गुंडाळून, उघडे चासिस कारखान्यातून गावापर्यंत चालवत आणी. मग ते बॉडीच्या कारखान्यात जाई. तेथे सुतार केबिनचा सांगाडा करी, टिनवाला त्यावर पत्रा चढवी, लोहार कड्या व साखळ्या बनवी, गादीवाला सीट भरी आणि पेंटर रंग देई. हौदा, फाळका, वरचा टप हे सर्व गावच्या कारीगरांचे काम.

म्हणजे आपण ज्याला टाटाचा ट्रक म्हणत होतो त्याचा अर्धाच भाग टाटाचा होता. बाकीचा अर्धा आपल्या गल्लीतल्या माणसांनी बनवलेला होता आणि त्यावर त्यांचे नाव कोठेही नव्हते.

नाव नव्हते असे मी म्हणतो, पण एका जागी होते. केबिनची कुजलेली लाकडे सुतार उतरवीत होता. ड्रायव्हरच्या पाठीमागची सागाची फळी निघाली तिच्या आतल्या बाजूला पेन्सिलीने काही लिहिलेले दिसले. तेथे असलेल्या पोरांना ते वाचता येईना. माझे शिक्षण उर्दू माध्यमात झालेले असल्याने मी वाचले. गाडीची लांबी-रुंदीची मापे होती, खाली ‘सन १९६६’ होते आणि त्याखाली नाव. नावाचा पहिला भाग घासून गेला होता, ‘मिस्त्री’ एवढेच शाबूत होते. पत्र्याने झाकल्यामुळे ही फळी पंचावन्न वर्षांहून अधिक काळ कोणी पाहिली नसावी. लिहिणाऱ्यालाही ती कोणी पाहील अशी आशा नसणार. त्या दिवसापासून घरात विचारलेल्या सवालाकडे मी वेगळ्या नजरेने पाहू लागलो.

माझी चूक

केबिनसाठी मला जे सुतार मिळाले ते साठीच्या पुढचे आहेत. त्यांना आम्ही चाचा म्हणतो. त्यांनी तरुणपणी बॉडीच्या कारखान्यात काम केले होते. पुढे कंपन्या तयार लोखंडी केबिन देऊ लागल्या तसे ते काम आटले आणि चाचा दारे-खिडक्या व पलंग बनवू लागले. त्यांचा मुलगा सुतारकाम शिकला नाही, प्लास्टिकच्या कारखान्यात मजुरीला लागला. आपल्या बापाचे हात काय जाणतात हे त्या मुलालाही ठाऊक नव्हते.

चाचांनी मजुरी सांगितली ९० हजार. दोन माणसे आणि दीड महिना. मी व्यापारी माणूस, भाव तोडणे हा हाताला लागलेला गुण. मी ७० हजारांवर आणले. शिवाय सागाचा भाव ऐकून दारांच्या आतील बाजूस व टपाखाली प्लायवुड वापरा असे सांगितले. चाचा म्हणाले, “सेठ, पत्रा आणि प्लाय यांच्यामध्ये पाणी जाणारच. मग प्लाय फुगेल.” मी म्हटले, रंग चांगला देऊ. ते गप्प बसले. ज्याला कामाची गरज असते तो दुसऱ्यांदा बोलत नाही.

एक पावसाळा गेला. दारे फुगली, बंद होईनात. टपाखालचे प्लाय पापुद्रे सुटून लोंबू लागले. मी चाचांना बोलावले. ते आले, त्यांनी पाहिले, आणि “मी सांगितले होते” हा शब्द त्यांच्या तोंडून निघाला नाही. त्यामुळे मला अधिकच लाज वाटली. आपण व्यापारी लोक दररोज मालाची पारख करतो, पण माणसाच्या हुनराचा भाव करताना आपली पारख कोठे जाते? मजुराची मजुरी पूर्ण व वेळेवर देण्याविषयी आपल्या दीनची शिकवण सर्वांना माहीत आहे. मी वेळेवर दिली होती, पूर्ण दिली नव्हती.

दुसऱ्यांदा मी सागच आणला आणि तोडलेले २० हजार त्यांच्या हातात ठेवून काम पुन्हा सुरू करायला सांगितले. या वेळी चाचांनी मुलालाही बरोबर आणले, कारण दिवसाचा रोज कारखान्यापेक्षा बरा पडत होता. खिळा न मारता लाकडात लाकूड कसे बसवायचे, दाराला गोलाई देताना रंधा कोणत्या बाजूने चालवायचा, हौद्याच्या तळाच्या फळ्यांत पाणी निघायला किती फट ठेवायची, हे त्या मुलाने बापाकडून प्रथमच पाहिले. मीही तेथे बसून पाहत असे. तितके दिवस दुकान भाच्याने सांभाळले.

रंग आणि अक्षरे

पत्र्याचे काम झाल्यावर पेंटरची पाळी आली. आता बहुतेक ठिकाणी छापील स्टिकर लावतात. ब्रशने अक्षर काढणारे फार थोडे उरले आहेत. आमच्या पेंटरने विचारले, कपाळावर काय लिहू? आजच्या ट्रकांवर ‘गुड्स कॅरेज’ लिहितात. परंतु १९८८चा मोटार वाहन कायदा लागू होण्यापूर्वी, १९३९च्या कायद्याच्या काळात, भाड्याने माल नेणाऱ्या ट्रकवर ‘पब्लिक कॅरियर’ असे लिहिलेले असे. आम्ही तेच लिहिले. मागे फाळक्यावर ‘हॉर्न ओके प्लीज’ लिहावे अशी पोरांची हौस होती. महाराष्ट्रात २०१५मध्ये परिवहन खात्याने व्यापारी वाहनांवर हे शब्द लिहिण्यास मनाई केली आहे, म्हणून ते टाळले. त्या जागी पेंटरने एक कमळ, दोन मोर व एक चंद्रतारा काढला आणि कोपऱ्यात बारीक अक्षरांत स्वतःचे नाव लिहिले. मी ते पुसायला सांगितले नाही.

हिशोब

आता आकडे. ट्रकची खरेदी १ लाख ३५ हजार. इंजिन, पंप, गिअर, ब्रेक, भाग व मजुरीसह २ लाख १० हजार. सहा टायर-ट्यूब ९६ हजार. लाकूड १ लाख १५ हजार. सुतारकामाची मजुरी ९० हजार. पत्रा व डेंटिंग ७० हजार. रंग ४८ हजार. वायरिंग, काचा, गादी व किरकोळ ३६ हजार. आणि माझ्या अकलेची फी, म्हणजे चुकीचा हेड ३४ हजार व वाया गेलेले प्लायवुड १८ हजार, असे ५२ हजार. एकूण ८ लाख ५२ हजार.

यातील २ लाख ६५ हजार रुपये निव्वळ मजुरीचे आहेत. ते सात-आठ कारीगरांच्या घरी गेले, तेही अशा काळात जेव्हा माग अर्धे चालत होते. त्यामुळे इस्राफच्या सवालावर माझे उत्तर असे आहे की, ५२ हजार नक्कीच इस्राफ झाले, त्यांची जबाबदारी माझी. बाकीच्याबद्दल ज्याने-त्याने आपल्या कुवतीनुसार विचार करावा. घरखर्च, देणे आणि जकात बाजूला काढल्यावर जे उरते त्यातूनच असे काम करावे. कर्ज काढून मुळीच करू नये. जकातीबाबत एक बाब लक्षात ठेवावी. स्वतःकडे ठेवण्यासाठी घेतलेली वस्तू वेगळी आणि विकण्याच्या नीयतीने घेतलेली वस्तू वेगळी. दुसरी माल-ए-तिजारतमध्ये मोडते व तिच्यावर जकात येते. आपापल्या बाबतीत आलिमांना विचारून घ्यावे.

कायदा काय म्हणतो

ज्यांना असे काम करायचे असेल त्यांनी कागदपत्रे आधी पाहावीत, लोखंड नंतर. नोंदणी पुस्तकातला चासिस नंबर व इंजिन नंबर प्रत्यक्ष ठोकलेल्या नंबराशी जुळतो का, हे स्वतः पाहावे. नंबर घासलेला असल्यास गाडी कितीही सुंदर असो, घेऊ नये. जुना कर, बँकेचा बोजा, न्यायालयातले प्रकरण यांची चौकशी करावी. सुट्या भागांची पक्की पावती घ्यावी. मेरठच्या सोतीगंज बाजारात चोरीच्या गाड्यांचे भाग विकले जातात म्हणून २०२१मध्ये पोलिसांनी मोठी कारवाई केली आणि तो बाजार बंद पडला. अशा वेळी सचोटीने धंदा करणाऱ्यालाही पावतीशिवाय आपली बाजू मांडता येत नाही. पावती हे आपले संरक्षण आहे.

केंद्र सरकारने जुलै २०२१मध्ये जुन्या वाहनांसाठी स्वतंत्र नियम केले. पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षे झालेल्या, मूळ स्वरूपात राखलेल्या वाहनाला ‘व्हीए’ अक्षरांचा वेगळा नंबर मिळू शकतो. नवीन नोंदणीची फी २० हजार, मुदत दहा वर्षे आणि नूतनीकरणाची फी ५ हजार आहे. असे वाहन प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, इंधन भरणे अशा कामांसाठीच रस्त्यावर आणता येते. मात्र हे नियम खासगी, बिगरव्यापारी वापराच्या दुचाकी व चारचाकींसाठी आहेत. आयुष्यभर भाड्याने माल वाहिलेला ट्रक या चौकटीत बसत नाही. आमचा ट्रक त्यामुळे वापरात नसलेले वाहन म्हणून आवारातच उभा असतो आणि कोठे न्यायचा झाल्यास दुसऱ्या ट्रेलरवर चढवून न्यावा लागतो. ज्याने हयातभर दुसऱ्यांचे ओझे वाहिले त्याला आता दुसऱ्याच्या पाठीवर बसून जावे लागते. मोटारींइतकीच सवलत जुन्या ट्रकांनाही मिळावी, अशी मागणी वाहतूकदारांच्या संघटनांनी करावयास हवी. अमेरिकेत जुन्या ट्रकांचा इतिहास जपणारी संस्था १९७१पासून काम करीत आहे. आपल्याकडे हरियाणात गुरुग्रामजवळ तावडू येथे २०१३मध्ये वाहतुकीचे एक चांगले संग्रहालय उघडले आहे, ते सवड काढून पाहण्यासारखे आहे.

यात धंदा आहे का?

खरे सांगायचे तर ट्रक दुरुस्त करून विकण्यात आज नफा नाही. चित्रपट व मालिकांच्या चित्रीकरणासाठी जुनी वाहने भाड्याने घेतात, हॉटेले व ढाबे दारात ठेवण्यासाठी मागतात. आमचा ट्रक दोनदा असा भाड्याने गेला. त्यातून ट्रेलरचा खर्च वजा जाता थोडे पैसे उरले. आठ लाख त्यातून निघणार नाहीत.

धंदा आहे तो हुनरात. जुन्या मोटारी, जीप, बस यांचे मालक चांगला सुतार, टिनवाला आणि ब्रशचा पेंटर शोधत फिरत असतात आणि त्यांना तो सापडत नाही. पैसे देण्याची त्यांची तयारी असते. आपल्या कारीगराकडे हात आहेत, पण कामाचे फोटो नाहीत, लेखी अंदाजपत्रक नाही, पावती-पुस्तक नाही आणि वेळ पाळण्याची सवय कमी आहे. या चार गोष्टी झाल्या तर तो मजूर राहणार नाही, उद्योजक होईल. सप्टेंबर २०२३मध्ये सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेत सुतार व लोहार यांचा समावेश आहे. ओळखपत्र, प्रशिक्षणाच्या काळात दिवसाला ५०० रुपये आणि अवजारांसाठी १५ हजारांपर्यंत मदत त्यात आहे. कर्जाचा भाग व्याजाचा आहे, तो ज्याला नको त्याने घेऊ नये, बाकीचा लाभ सोडू नये. डेंटर व पेंटर त्या यादीत नाहीत, ही उणीव आहे.

बॉडीचे जुने काम परत येईल, अशा भ्रमात कोणी राहू नये. १ ऑक्टोबर २०२५पासून तयार होणाऱ्या मध्यम व जड ट्रकांच्या केबिनमध्ये वातानुकूलन सक्तीचे झाले आहे, म्हणजे केबिन बहुधा कंपनीचीच असणार. ड्रायव्हर बांधवांसाठी ती चांगलीच गोष्ट आहे. जी करकर मला लहानपणी गोड वाटली, तिच्या खाली रात्रभर बसणाऱ्याची पाठ मोडत होती, हे विसरता कामा नये. लाकडी केबिन गेली याचे दुःख नाही. ती बनवणारा हात कोणाला काही न शिकवता जाऊ नये, एवढीच काळजी आहे.

चाचांना आमच्या ट्रकनंतर आणखी दोन कामे मिळाली, एक जुन्या जीपच्या टपाचे आणि एक बसच्या आतल्या लाकडाचे. दोन्हींचा भाव त्यांनी स्वतः सांगितला आणि कमी केला नाही. मुलगा सध्या अर्धे दिवस कारखान्यात आणि अर्धे दिवस बापाबरोबर असतो. तो पूर्णवेळ या कामात येईल की नाही, हे अल्लाहलाच ठाऊक. काम नियमित मिळाले तरच येईल, आणि काम देणे आपल्यासारख्यांच्या हातात आहे.

ती सागाची फळी कोठेही किडलेली नव्हती. चाचांनी ती साफ करून ड्रायव्हरच्या पाठीमागे, जिथली तिथे बसवली. पत्रा ठोकण्यापूर्वी त्यांनी खिशातून पेन्सिल काढली, १९६६च्या खाली २०२३ लिहिले आणि मला विचारले, “सेठ, नाव लिहू का?” मी म्हटले, “चाचा, तुमचेही लिहा आणि मुलाचेही.”